पटावरची सुपारी

सगळ्यांना जयभीम आणि नमस्कार. या पानावरचे तुमचे अनुभव मी दुपारची भांडी झाली की वाचत असते, आणि खरं सांगते, अर्ध्याअधिक वेळा हसते. कोणाला विहिरीजवळ बाई दिसली, कोणाच्या मागे पांढरं कुत्रं लागलं… अहो, कुत्रं आहे ते, लागणारच मागे! आमच्या माहेरी भूत, भानामती, उतारा, लिंबू-मिरची यातलं काहीही चाललं नाही. माझे बाबा पुलगावला कापडाच्या मिलमध्ये होते. ते म्हणायचे, "मेलेलं माणूस परत येत असतं तं पहिले मिलची पाळी भरून घेतली असती मालकानं." अशा घरातली मी. तरी आज लिहिते आहे, कारण दोन म्हाताऱ्यांनी माझं डोकं पार उठवलं आहे आणि कोणीतरी मला एकदा सांगावं की ती सुपारी पटावर आली कुठून.

माझं शिक्षण चौथी. पुढचं वाचन-लेखन मी माझं मीच केलं, त्यामुळे इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

तर, ते दोन म्हातारे कोण. एक आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान. सेलू तालुक्यात प्राथमिक शाळेवर होते, आता रिटायर. दुसरा माझा धाकटा भाऊ दिलीप, राहणार पुलगाव, तोही आता रिटायरच. दोघंही बुद्धिबळातले पक्के. उगाच कौतुक म्हणून सांगत नाही… वर्धेत, हिंगणघाटात कुठेही स्पर्धा असली की शेवटच्या टेबलावर हे दोघंच उरायचे. मास्तर खेळतात ते भिंत बांधल्यासारखं. तोंडातून शब्द नाही, आपल्या राजाभोवती विटेवर वीट रचत बसायचं. आणि दिलीप म्हणजे मारकुटा बैल. घोडे घेऊन घुसतो, वर शीळ वाजवतो. दोघांना शिकवलं एकाच माणसानं – माझ्या बाबांनी. लेकाला शिकवलं आणि मग होणाऱ्या जावयालाही शिकवलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी माहेरी आले तर हे दोघं ओसरीवर पट मांडून बसलेले. नवरी चहा घेऊन उभी, आणि नवरदेवाचं लक्ष उंटावर! तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

आता बाबांची एक पद्धत सांगते, कारण सगळं प्रकरण त्याच्यावरच आहे. बाबांच्या खिशात अडकित्ता आणि सुपारी कायम असायची. घरात डाव चाललेला असला आणि त्यांना वाटलं की आता हे बरोबरीत सुटावं – किंवा डाव सोडून भांडणच पेटायला आलं आहे – की ते सुपारी कातरायचे. बरोबर मधोमध, दोन फोडी. मग त्या दोन फोडी पुन्हा एकमेकींना जोडून, अख्खी सुपारी दिसेल अशी, पटाच्या अगदी मध्यावर ठेवायचे. तोंडानं काही बोलायचे नाहीत. ठेवायची आणि आंघोळीला निघून जायचं. खेळणाऱ्या दोघांनी एकेक फोड उचलायची, खायची, डाव संपला. कोण पुढे होतं, कोण मागे होतं, विचारायचं नाही. आणि नियम एकच – सुपारी परत करायची नाही. आमच्या घरात हा नियम कोणी मोडल्याचं मला आठवत नाही. मोडेल कोण? बाबा तसे गरीब माणूस, पण एकदा बघितलं की बस.

बाबा गेले. त्यानंतर हे दोघं पहिल्यांदा खेळायला बसले ते आमच्याच घरी, आणि तिथेच माती खाल्ली. मास्तरांचा हात म्हणे हत्तीला लागला, आणि चाल त्यांनी केली वजिराची. दिलीप म्हणाला, "हात लावला तो चालवा भाऊजी." मास्तर म्हणाले, "मी फक्त सरळ करत होतो." हा म्हणतो लावला, ते म्हणतात सरळ केला. मी स्वयंपाकघरातून ओरडते आहे, अरे पोळ्या थंड होऊन राहिल्या… ऐकतो कोण! शेवटी दिलीप उठला आणि बोलला, "मास्तर होऊन खोटं बोलता? पोरांले काय शिकवलं असन तुम्ही!" झालं. मास्तरांनी पट गुंडाळला. दिलीपनं चपला घातल्या. ताटं तशीच राहिली.

त्या दिवसापासून बोलणं बंद. वर्षामागून वर्षं गेली. राखीला मी पुलगावला जायची, एकटी. तो माझ्या दारात आला नाही, हे त्याच्या दारात गेले नाहीत. एका लाकडी हत्तीपायी! जमिनीचं भांडण असतं तर वकील तरी केला असता.

आणि यंदा दिलीपच्या पोरीचं, प्रज्ञाचं लग्न ठरलं. मे महिन्यातलं. पत्रिका आली ती माझ्या एकटीच्या नावानं. मी ती पुलगावला जाऊन परत त्याच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "मी आत्या आहे, पण एकटी येणार नाही. माझ्या माणसाले आवतन नसन तं मलेही नको." बोलून बसले, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. कारण प्रज्ञाला मी कडेवर खेळवलं आहे. तिच्या लग्नात मी नसले तर मग मी कशाला आहे?

प्रज्ञा हुशार. तिनं काय केलं, एप्रिलमधल्या जयंतीच्या निमित्तानं आमच्याकडे सेलूला समाजभवनात बुद्धिबळ स्पर्धा असते, तिथे बापाचं नाव घातलं. मास्तर तर दरवर्षी असतातच. आणि तिनं दोघांकडून कबूल करून घेतलं. दिलीप हरला तर त्यानं आमच्या घरी येऊन मास्तरांना हात जोडून लग्नाचं आवतन द्यायचं. मास्तर हरले तर त्यांनी पुलगावला जाऊन हत्तीला हात लागला होता असं कबूल करायचं. दोघंही लगेच तयार! कारण दोघांनाही खात्री, आपण कुठे हरतो.

मला काय, कोणीही हरलं तरी चालणार होतं. मी त्या दिवशी विहारात पंचांग प्रणाम करताना मनात एवढंच म्हणत होते, कोणीतरी हरा रे बाबांनो. एक जण हरा.

शेवटचा डाव त्यांच्यातच आला. दुपारची वेळ, बाहेर आगीचा भट्टा. हॉलमध्ये दोन मोठे कूलर घरघर करत होते, त्यांचा आवाज इतका की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागत होतं. बघणाऱ्यांसाठी दोरी बांधली होती, दोरीच्या आत फक्त ते दोघं, मधे टेबल, घड्याळ आणि नागपूरहून आलेला पंच – तरुण पोरगा, अगदी नियमाचा. मी महिला मंडळातर्फे पन्ह्यावर होते. भिंतीजवळ पन्ह्याचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, माझ्या एका हातात ओगराळं, दुसऱ्यात ग्लास. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे माझ्यावरच घसरले आहेत.

डाव मला सगळा कळत नाही, पण माणसं कळतात. पहिल्यांदा मास्तरांनी नेहमीप्रमाणे भिंत बांधली. मग दिलीपनं एक घोडा चक्क बळी दिला आणि भिंतीला भोक पाडलं. त्याची शीळ सुरू झाली. मग ती शीळ थांबली. मास्तरांच्या कपाळावर घाम, कूलरच्या तोंडाशी बसून. सोंगट्या कमी कमी होत गेल्या, पटाचा मधला भाग मोकळा झाला. दोरीपाशी उभा असलेला एक जण मला म्हणाला, "काकू, आता एका चालीचा खेळ हाये. मास्तरांले चाल सापडली तं मास्तर, नाई तं दिलीपभाऊ." मला तर आनंदच झाला. म्हटलं, चला, कोणीतरी हरतं आहे!

चाल मास्तरांची होती. त्यांनी हात उचलला. हात हळूहळू पुढे गेला… हत्तीकडे. मी ग्लास भरायची थांबले. कारण दिलीपही तेच बघत होता. मान पुढे काढून, डोळे त्यांच्या बोटांवर. लागतो का हात, लागतो का… मला दिसत होतं, आता हात लागला की नाही यावरून पुन्हा सुरू होणार. पुन्हा तेच. माझ्या उरलेल्या आयुष्याची तीच रड.

आणि लाइन गेली.

आता एक सांगा. लाइन गेली की आपण पहिल्यांदा काय करतो? वर पंख्याकडे बघतो. सगळे बघतो. लहान-थोर, शिकलेले-अडाणी, सगळे मान वर करून पंखा हळू कसा होतो ते बघतो, जसं काही तोच सांगणार आहे कधी येईल ते. तर अख्ख्या हॉलनं वर बघितलं. पंचानं वर बघितलं. मास्तरांनी, दिलीपनं, मी… सगळ्यांनी. कूलर थांबले आणि एकदम अशी शांतता झाली की कानात वाजायला लागलं. अंधार वगैरे काही नाही हां, भर दुपार, खिडक्या उघड्या.

माना खाली आल्या तर पटाच्या मध्यावर सुपारी.

अख्खी. म्हणजे दिसायला अख्खी. चार घरं जिथं एकमेकांना भेटतात तिथे, बरोब्बर मधे.

पंच म्हणाला, "हे काय आहे काका? बोर्डावर सुपारी कोणी ठेवली?" आणि तो उचलायला गेला. तर मास्तर, जे डावात कधी तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "हात नको लावू बेटा."

 दिलीप मास्तरांकडे बघत होता, मास्तर त्याच्याकडे. मग दिलीपनं बोटानं सुपारीला जरासा धक्का दिला. ती दोन फोडी होऊन पडली. एक त्यानं उचलली. एक मास्तरांनी उचलली. दोघांनी ती आपापल्या खिशात टाकली.

पंचाला काही कळेना. "म्हणजे… ड्रॉ का?" दोघांनी माना हलवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ड्रॉ! मी ओगराळं गंजात आपटलं, अर्धं पन्हं माझ्या पातळावर. अरे, हरायचं होतं ना एकानं! बरोबरी झाली म्हणजे कोणीच कोणाच्या घरी जायचं नाही! तिकडे प्रज्ञा खुर्चीवर मटकन बसली. आणि हे दोन महापुरुष दोन दरवाजांनी दोन बाजूंना निघून गेले.

घरी येताना मी मास्तरांना रस्ताभर सोडलं नाही. "एक चाल राह्यली होती! एक! काऊन सोडला डाव?"

मास्तर म्हणाले, "त्यानं बाबांची सुपारी ठेवली. परत कशी करू?"

 म्हटलं, चला, दिलीपनं पाऊल तरी टाकलं. लगेच त्याला फोन लावला. "बरं केलं रे सुपारी ठेवली ते."

तिकडून दिलीप म्हणतो, "मी? ताई, भाऊजींनी ठेवली. मले वाटलं, ते चूक कबूल करून राह्यले म्हणून मी उचलली. नाई तं मी जिंकतच होतो."

"ते म्हणतात तू ठेवली."

"खोटं बोलते तो माणूस! पहिलेही बोलला, आताही बोलते!"

घ्या. हत्तीचं भांडण होतंच, आता सुपारीचंही. मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "माझ्या तोंडात दात नाई, मी कायले सुपारी बाळगू?" तेही खरं. त्यांची कवळी आहे, आमच्या घरात सुपारी येऊन जमाना झाला. दिलीपनं डॉक्टरांच्या धाकानं सोडलेली. पंचाला विचारलं, तो म्हणाला मी दोघांचे हात बघत होतो, कोणाचाच हात खिशाकडे गेला नाही, फक्त पंख्याकडे बघितलं तेवढाच वेळ माझी नजर हटली. तुम्ही म्हणाल बघणाऱ्यांपैकी कोणीतरी. आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांना काही तोटा नाही, हेही मान्य. पण खर्र्यातली सुपारी बारीक चुऱ्याची असते. आणि दोरी ओलांडून, टेबलापर्यंत जाऊन, दोन फोडी जोडून, नेमक्या मध्यावर ठेवून, परत येऊन… पंखा थांबेपर्यंत? आणि आमच्या घरची पद्धत त्या हॉलमध्ये आम्हा तिघांशिवाय कोणालाच माहीत नव्हती, प्रज्ञालाही धड नाही. तिच्या जन्माच्या आधीच बाबा गेले.

मग सगळे माझ्याकडे वळले. "तूच ठेवली असन." मास्तर म्हणाले. दिलीपही फोनवर तेच. माझ्या दोन्ही हातांत पन्हं होतं! मी पटापासून कितीतरी लांब होते! आणि मला ड्रॉ नकोच होता, मला कोणीतरी हरायला हवं होतं, हे त्या दोघांना कळत का नाही?

रागारागात मी मास्तरांच्या खिशातली फोड काढून बघितली. आणि तिथेच खाली बसले.

बाबांच्या अडकित्त्याच्या पात्याला एक खाच होती. लहानपणी दिलीपनं त्या अडकित्त्यानं तार तोडायचा प्रयत्न केला होता, तेव्हाची. त्यामुळे बाबांनी कातरलेल्या प्रत्येक सुपारीवर एक बारीक उभा उंचवटा राहायचा, जिभेला लागायचा. आम्ही पोरं त्याला सुपारीचं नाक म्हणायचो. त्या फोडीला नाक होतं.

अडकित्ता माझ्याच जवळ आहे. बाबा गेल्यावर मी तो मागून घेतला होता, पेटीत तळाशी, त्यांच्या मिलमधल्या जुन्या कापडात गुंडाळून. पेटी उघडली, कापड सोडलं. अडकित्ता गंजून एक झालेला, जबडा मिटलेला. तेल सोडलं, उन्हात ठेवला, मास्तरांनी जोर लावला, मी लावला. उघडला नाही. अजूनही उघडत नाही. ज्याला शंका असेल त्यानं येऊन प्रयत्न करावा, चहा देईन.

हे मी दिलीपला फोनवर सांगितलं.  तो म्हणाला, "खोटं. भाऊजींनी घासून नाक केलं असन." आणि फोन ठेवला.

दोन-चार दिवसांनी सकाळी दार वाजलं. उघडते तर दिलीप. शर्टाच्या खिशावर हात दाबून, पुलगावहून बस बदलत आलेला, घामानं ओलाचिंब. इतक्या वर्षांनी माझ्या उंबऱ्यात माझा भाऊ… आणि मला ना जयभीम, ना कशी आहेस. सरळ आत. "भाऊजी, आणा तुमची फोड. आज लावतोच निकाल."

मास्तर पेपर वाचत होते. त्यांनी उठून फोड आणली. दिलीपनं रुमालातून आपली काढली. दोघांनी चष्मे लावले, खिडकीच्या उजेडात गेले. दोन फोडी जोडल्या. एकीला उंचवटा, दुसरीला तितकीच खाच. बसल्या की मधली रेघसुद्धा दिसेना.

  चुलीवरचं… म्हणजे गॅसवरचं वरण उतू गेलं ते मी जाऊ दिलं.

शेवटी मास्तर म्हणाले, "त्या दिवशी… लागला असन हात हत्तीले. मले खरंच आठवत नाई."

दिलीप म्हणाला, "जाऊ द्या ना आता." मग थोड्या वेळानं, भिंतीकडे बघत – "पोरीच्या लग्नाले या. दोघंही. ताई एकटी आली तं मी तिले दारातूनच परत धाडीन."

आणि मग त्यांनी काय करावं? दोघांनी आपापली फोड तोंडात टाकली! मी ओरडले, "अरे थांबा, एवढा एकच पुरावा होता!" मास्तर कवळीवाले, चावता येईना, गालात धरून बसले. दिलीप कडाकडा चावला. "डाव संपला पाह्यजे ना वो ताई," म्हणे. या पानावरची मंडळी आता विचारतील, काकू, फोटो काढला का? नाही काढला. सुचलंच नाही. त्या दोघांनाच बघत होते मी.

लग्न झालं. मास्तर मांडवात पाहुण्यांना पाणी देत फिरत होते, दिलीप त्यांना ओरडत होता की बसा म्हणून. छान झालं सगळं.

पण वाद काही सुटला नाही. आता रोज फोन असतो, रोज! "भाऊजी, खरं सांगा, सुपारी तुम्हीच ठेवली ना?" "तूच ठेवली बे." मग मोबाइलवर डाव मांडायचा, कोण जिंकत होतं त्यावर तासभर. तो पंच म्हणे मशीनला विचारून बसला, तर मशीन सांगतं, हत्तीची चाल केली असती तर मास्तर जिंकले असते, दुसरी कुठलीही केली असती तर हरले असते. मास्तर तेव्हा कुठली करणार होते ते सांगत नाहीत. मी विचारलं तर पेपर वर धरतात. आणि शेवटी दोघांचं एकमत माझ्यावरच होतं, की ठेवली ती मीच. शेजारणीही आता डोळा मारतात, "काकू, मस्त केलं हो."

म्हणून इथे लिहिते आहे. कोणाला काही स्पष्टीकरण सुचलं तर कळवा, मला सुचत नाही. गंजलेला अडकित्ता, ताजी कातरलेली सुपारी, आणि हॉलभर माणसांच्या वर बघणाऱ्या माना… मी विचार करून थकले. एवढंच सांगते की मी ठेवली नाही. मला ठेवता आली असती, तर मी ती त्या पहिल्याच दिवशी ठेवली असती, पोळ्या थंड व्हायच्या आत.